निळ्या भिंतीखालची रांग

तिकिटांच्या यंत्रांपुढे तीन रांगा आहेत आणि तिन्ही जागच्या हलत नाहीत. जुलैतली रविवारची सकाळ. उत्तर पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचं साव बेंतू स्टेशन. माणसं रस्त्यावरून आत येतात, दोन पावलं टाकतात आणि थबकतात. मागून येणारा त्यांच्या अंगावर येतो. तोही मान वर करतो. दोघं बाजूला सरकतात, तोवर तिसरा थबकलेला असतो. दारातली ही कोंडी काही केल्या सुटत नाही.

समोर, वर, दोन्ही हातांना निळं आहे. निळे घोडे, निळे भाले, निळे झेंडे, निळं आभाळ. छताच्या खालपासून थेट हात पोचेल इतकं खाली उतरलेलं. मधूनमधून ग्रॅनाइटच्या राखाडी चौकटी. त्यांच्यातून चौकातलं ऊन आत येतं आणि टाइल्सच्या गुळगुळीत पाठीवरून घसरतं. ऊन सरकेल तसा एखादा घोडा दिसेनासा होतो, शेजारचा उजळतो. छताला लागून मोठ्या अक्षरांत दोन नावं आहेत, मिन्यू आणि दोरू. उत्तरेकडच्या दोन नद्या आणि त्यांची खोरी. तिकडे जाणाऱ्या गाड्यांसाठीच हे स्टेशन बांधलं.

बॅगांची चाकं दगडी जमिनीवरून खडखडत जातात. ध्वनिक्षेपकावरची बाई ब्रागाची गाडी सांगते, मग गिमाराइंशची. तिचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो आणि फलाटाचा आकडा नेमका त्यातच हरवतो. एक लहान मुलगा तोंड वर करून ‘आऽऽ’ करतो. आवाज वर जाऊन परत येतो. त्याला ते फार आवडतं. तो पुन्हा करतो. आई दटावत नाही, कारण तीही वरच पाहत असते.

रोजची माणसं लगेच ओळखू येतात. ती वर पाहत नाहीत. पांढरे रबरी बूट घातलेली एक बाई, बहुधा रुग्णालयातली रात्रपाळी संपवून निघालेली, भिंतीला पाठ टेकून पाव खाते आहे. तिच्या डोक्यामागे घोड्यांचे पाय आहेत. तिच्या खांद्याला लागून जमिनीवर पडलेला एक सैनिक आहे. तिचं सगळं लक्ष गाड्यांच्या फलकावर. मला ती या दालनातली सगळ्यात योग्य प्रेक्षक वाटते. ही चित्रं तिकीट काढून बघण्यासाठी काढलेलीच नाहीत. ती गाडीची वाट पाहणाऱ्यांसाठी आहेत. बघावंसं वाटलं तर बघा, नाहीतर टेका.

रांग एक पाऊल पुढे जाते आणि आडव्या भिंतीवरचं मोठं चित्र नीट दिसू लागतं. वरच्या भागात बाराव्या शतकातली लढाई आहे, आर्कुश द वाल्देवेशची. घोडे एकमेकांत घुसलेत. खालच्या भागात मात्र सगळं थांबलंय. एक सरदार राजापुढे उभा आहे. सोबत बायको आणि मुलं. हा एगाश मोनीश, पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सू एन्रीकेश याला लहानाचा मोठा करणारा. गिमाराइंशला वेढा पडला, तेव्हा यानं लेओनच्या राजाला शब्द दिला, की आमचा राजपुत्र तुमचं स्वामित्व मानील. वेढा उठला. राजपुत्रानं काही मानलं नाही. मग, आख्यायिका सांगते, हा माणूस बायकामुलांना घेऊन, गळ्यात दोर अडकवून लेओनच्या राजापुढे हजर झाला. शब्द माझा होता, जीव घ्या. राजानं त्याला सोडून दिलं.

माझ्यापुढे एक आजोबा आहेत, नातीला घेऊन. ते स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवून दाखवतात, मग भिंतीकडे. नात डोळे मोठे करते. काहीतरी विचारते. आजोबा मान हलवून नाही म्हणतात, हसतात. बहुधा तिनं विचारलं असावं, मारलं का त्याला?

शेजारून पिवळी छत्री उंच धरलेली वाटाड्या तरुणी जाते. तिच्यामागे वीस-पंचवीस स्पॅनिश पर्यटक. ती उलटी चालत, माणसांना चुकवत बोलते. आकडे तिच्या तोंडून एका दमात येतात. सुमारे २०,००० टाइल्स. ५५१ चौरस मीटर. टाइल्सचं काम १९०५ साली सुरू झालं, स्टेशनचं उद्घाटन १९१६ साली. वास्तुकार मार्केश द सिल्वा, चित्रकार जॉर्ज कोलासो. पर्यटकांचे हात एकदम वर जातात, प्रत्येक हातात फोन. मग ती त्यांना बाहेर नेते. आकडे मागे राहतात आणि रांगेतले आम्ही नकळत मोजू लागतो. एका घोड्याला किती टाइल्स? साठ? सत्तर?

तिकीट मिळतं. गाडीला वेळ आहे. आता भिंतीशी जाता येतं.

जवळून चित्र उरत नाही. टाइल तळहाताहून थोडी मोठी. एका घोड्याचा खूर चार टाइल्सच्या कोपऱ्यांत वाटला गेलाय, आणि सांध्याची बारीक रेघ बरोबर खुराच्या मधून जाते. एका टाइलीवर नुसतं निळं ढगाळ काहीतरी आहे. धूळ? धूर? दोन पावलं मागे गेल्यावर कळतं, ती घोड्याची सावली आहे. एका ठिकाणी काठाचा कपचा उडालाय आणि आतली मातकट पिवळी माती दिसते. एका टाइलीचं निळं शेजारणीपेक्षा किंचित थंड आहे. कधीतरी बदललेली असावी.

ब्रशचे फराटे स्पष्ट दिसतात. पाणी जास्त घेतलेला ब्रश, मग कोरडा, मग टोकदार. कागदावर जलरंगाचं काम करावं तसा कोबाल्ट पसरलेला आहे. जुन्या रीतीत हे सहजी होत नाही. तिथे भाजलेल्या मातीवर पांढऱ्या ग्लेझचा कच्चा, भुकटीसारखा थर असतो. ब्रश टेकला की रंग शोषला जातो. पुसायची सोय नाही, हात थांबला की डाग. कोलासो पुष्कळदा आधी भाजून झालेल्या, चकचकीत पांढऱ्या टाइलीवर रंगवायचा आणि मग टाइल पुन्हा भट्टीत घालायचा. त्यामुळे त्याला छटा मिळायच्या, दूरचे डोंगर मिळायचे, घोड्याच्या घामाची चमक मिळायची. परंपरेचे कट्टर पाईक याला नावं ठेवतात. हे अझुलेजो, म्हणजे खरं पोर्तुगीज टाइलकाम नव्हे, टाइलीवर केलेलं तैलचित्र आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण या भिंतीखाली उभं राहिल्यावर मला त्या घोड्याच्या घामाचीच बाजू घ्यावीशी वाटते.

टाइल्स लिस्बनजवळच्या साकावेंच्या कारखान्यात झाल्या. प्रत्येक टाइलीची जागा ठरलेली. एक चुकली तर सरदाराच्या मानेवर घोड्याची आयाळ. भिंतीवर चढवणाऱ्या गवंड्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांची रेषा मात्र इथपासून तिथपर्यंत सरळ आहे.

कोलासोचा जन्म १८६८ सालचा, तोही पोर्तुगालमधला नव्हे. मोरोक्कोतल्या टँजिअरचा. वडील तिथल्या पोर्तुगीज वकिलातीत. चित्रकलेचं शिक्षण लिस्बन, माद्रिद, पॅरिस असं फिरत फिरत झालं. तो व्यंगचित्रंही काढायचा, राजेशाहीच्या बाजूनं साप्ताहिक चालवायचा. या स्टेशनचं काम सुरू झालं तेव्हा पोर्तुगालमध्ये राजा होता. १९१० साली राजेशाही गेली. राजेशाहीवाल्या चित्रकाराचे राजे प्रजासत्ताकाच्या स्टेशनात भिंतीवर राहिले, आणि त्यांच्याखाली तिकिटांची विक्री सुरू झाली.

हे ध्यानात ठेवून समोरच्या आडव्या भिंतीकडे जायचं. तिथे वर वरात आहे. राजा जुआंव पहिला लग्नासाठी पोर्तोत प्रवेश करतोय. साल १३८७, वधू इंग्लंडची, लँकेस्टर घराण्यातली फिलिपा. खाली वेगळाच प्रसंग. १४१५ सालचा सेउताचा पाडाव. त्यांचाच मुलगा एन्रीक, याच शहरात जन्मलेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलाय. पोर्तुगालच्या समुद्रापारच्या राज्याची सुरुवात या चित्रापासून धरतात. पुढची पावलं आपल्याला ठाऊक आहेत. आफ्रिकेचं टोक, कालिकत, १५१० साली गोवा.

या चित्रापुढे मी जास्त वेळ थांबतो. सेउता आणि टँजिअर एकाच किनाऱ्यावर आहेत, सामुद्रधुनीच्या काठानं शेजारी. चित्रकारानं लहानपणी तोच उजेड पाहिलाय, तिथलीच माणसं पाहिली आहेत. विजेत्यांची ऐट त्यानं मन लावून रंगवली. पण ज्यांचं गाव गेलं ते चेहरेही त्याच्या रोजच्या पाहण्यातले होते. पराभवाचं चित्र काढताना त्याच्या मनात काय चाललं असेल, हे भिंत सांगत नाही. माझ्या शेजारी एक तरुण या चित्राला पाठ करून स्वतःचा फोटो काढतोय. एन्रीक त्याच्या कानामागे आलाय. तो समाधानानं निघून जातो.

इतिहासाच्या भिंतींपेक्षा दारांच्या मधल्या अरुंद भिंतींवर गर्दी कमी. मला त्या अधिक आवडतात. तिथे राजा नाही. द्राक्षांची तोडणी आहे. पाठीवर टोपल्या घेतलेली माणसं उतारावरून खाली येताहेत. दोरू नदीतून दारूची पिंपं घेऊन निघालेली, उंच सुकाणूची लांबट होडी आहे. पाणचक्की आहे, गुरांचा बाजार आहे, जत्रेला निघालेल्या बाया आहेत. गुरांच्या बाजारातल्या एका बैलाची शिंगं इतकी लांब, की ती पलीकडच्या माणसाच्या टोपीपर्यंत पोचतात. एक शेतकरी, हातात कापडी पिशवी, या बैलापुढे उभा राहून बायकोला काहीतरी समजावतोय. शिंगांची लांबी दोन्ही हात पसरून दाखवतो. बायकोला ते पटलेलं दिसत नाही.

या सगळ्याच्या वर, छताच्या खाली, एक रंगीत पट्टा फिरतो. निळ्यात अचानक पिवळा, हिरवा, तपकिरी. तो वाहनांचा इतिहास आहे. बैलगाड्या, घोडे, पालख्या, मेणे, आणि सरतेशेवटी रेल्वे. मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरच तो दिसतो. त्याच वेळी काचेच्या दारापलीकडे खरी गाडी बोगद्यातून बाहेर येते. पिवळी, बसक्या नाकाची, ब्रेकांचा करकराट करत. दालनातली निम्मी माणसं त्या दाराकडे पळतात.

फलाटावर ऊन काचेच्या छपरातून गाळून येतं. पहिली गाडी इथे १८९६ साली आली, तेव्हा स्टेशन म्हणजे लाकडी शेड होती. त्याआधी या जागी बेनेडिक्टिन जोगिणींचा मठ होता. शतकानुशतकांचा. १८३४ साली पोर्तुगालनं धार्मिक मठ बंद केले, पण राहत्या जोगिणींना मरेपर्यंत राहू दिलं. शेवटची १८९२ साली गेली. मग पाडापाडी झाली. शेवटच्या बाईनं एवढ्या मोठ्या वास्तूत एकटीनं काढलेली वर्षं कशी गेली असतील, हा विचार फलाट ओलांडेपर्यंत पाठ सोडत नाही.

तिकीट दुपारच्या गाडीचं आहे. तोवर शहर.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की गरमी तोंडावर येते. समोरून ३१ जानेवारीचा रस्ता सरळ चढत जातो. चढ चांगलाच उभा. दुकानं बंद, सावली फक्त एका बाजूला, आणि सगळे त्याच बाजूनं चढताहेत. मधल्या रुळांवरून जुनी ट्राम येते, लाकडी खिडक्यांची, खडखडत. ती गेल्यावर रस्त्याच्या माथ्यावर एकदम निळं दिसतं. दोन घंटाघरांच्या मधली चर्चची अख्खी दर्शनी भिंत. सांतु इल्देफोन्सू.

पायऱ्यांशी पोचेपर्यंत सदऱ्याची पाठ भिजलेली आहे. प्रार्थना संपून लोक बाहेर पडताहेत. म्हाताऱ्या बाया काळ्या कपड्यांत, हातात पंखे. एक पंखा उघडताना ‘फर्र’ असा आवाज होतो आणि दोन कबुतरं उडतात. चर्च अठराव्या शतकातलं. पण टाइल्स १९३२ सालच्या, सुमारे ११,०००, आणि त्याही कोलासोच्याच. स्टेशनातल्या चित्रकाराचं वय तेव्हा चौसष्ट. संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, देवदूत आहेत, वेलबुट्ट्या आहेत. स्टेशनात चित्र छपराखाली होतं. इथे ते सरळ उन्हात आहे. डोळे बारीक केल्याशिवाय बघवत नाही. निळ्यापेक्षा पांढरंच जास्त तळपतं.

या शहराला टाइल हौसेपुरती नको असते. अटलांटिकवरून येणारा पाऊस हिवाळाभर भिंती भिजवतो. ग्रॅनाइट ओल धरतं, गिलावा सुटतो. चकचकीत टाइलीवरून पाणी निथळून जातं. भिंत कोरडी राहते, रंगाचा खर्च वाचतो. घरांच्या दर्शनी भिंती टाइल्सनी मढवायची चाल एकोणिसाव्या शतकात जोरात पसरली, ती ब्राझीलमध्ये पैसा करून परतलेल्या लोकांमुळे. तिकडच्या दमट हवेत त्यांनी ती पाहिली होती. कोकणातला माणूस हे ऐकून मान डोलावतो. पावसाच्या माऱ्याची बाजू कोणती आणि तिथे काय लावावं, हा विचार आपल्याकडेही घर बांधण्याआधी होतो.

उतारावरून खाली आलं की एका चौकात रविवारचा बाजार भरलेला आहे. जुनी नाणी, बिल्ले, पत्रं आणि टपालाची तिकिटं. घडीची टेबलं, त्यांवर वह्या, प्रत्येक वहीवर एक वाकलेली मान. भिंग, चिमटा, पाण्याची बाटली. इथे कोणी घाई करत नाही. एक गृहस्थ एकाच पानावर बराच वेळ आहे. विक्रेता त्याच्याकडे बघतही नाही, स्वतःचं केळं सोलतो.

मी टाइल्सची तिकिटं मागतो. तो लगेच ओळखतो, खालच्या खोक्यातून एक पातळ वही काढतो. १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत पोर्तुगालच्या टपालानं अझुलेजोच्या पाच शतकांवर तिकिटांची मालिका काढली. एकूण वीस. वहीत ती ओळीनं आहेत. आधीची मूरिश वळणाची भौमितिक नक्षी, मग निळी-पांढरी, मग विसाव्या शतकातल्या चित्रकारांची. चौकोनी टाइल, तिच्यावरून चौकोनी तिकीट. भिंगाखाली धरलं की टाइलीवरचा ब्रशचा फराटाही छपाईत उतरलेला दिसतो. काठाला दातेरी कड. विक्रेता चिमट्यानं एक उचलतो, माझ्या तळहातावर ठेवत नाही, फक्त उन्हात धरतो. बोटाचा घाम लागू नये म्हणून.

विसाव्या शतकातल्यांत मारिया कैल आहे. १९५९ साली लिस्बनची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा जमिनीखालच्या त्या उदास भिंतींना टाइल्स देण्याचं काम या बाईनं केलं. राजे नाहीत, लढाया नाहीत. नुसते कोन, त्रिकोण, रंगांच्या पट्ट्या. कोलासोपासून ती कितीतरी दूर आहे. पण तिच्या चित्रांखालीही गाडीची वाट पाहणारीच माणसं उभी असतात.

वही मिटताना शेजारच्या टेबलावरचं एक पाकीट खुणावतं. वर हातानं लिहिलंय, ‘ईंदिया’. आत आपली तिकिटं आहेत. म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानची. गोवा, दमण, दीव. पोर्तुगीजांनी तिकडे १८७१ साली स्वतंत्र तिकिटं सुरू केली. दरात रेईश, मग टांगा आणि रुपिया. एकावर पणजीचा गोल शिक्का अर्धा उमटलाय. त्या पत्रात काय होतं, कोणी कोणाला लिहिलं, काही कळायची सोय नाही. मी ते विकत घेतो. तिकीट परत पणजीला आणण्यात एक सुख आहे.

पणजीत जुलै म्हणजे पाऊस. आझाद मैदानाच्या कडेनं माणसं छत्र्या तिरक्या धरून चालताहेत. पाण्याचा झोत छपरांवरून सरळ रस्त्यावर पडतो. स्कूटरवाले आडोसा शोधतात. मैदानालगतच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात चौघे-पाच जण आधीच उभे आहेत. एक कॉलेजची मुलगी, दप्तर छातीशी. एक पोस्टमन. एक गृहस्थ कसलेसे सरकारी कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळताहेत. त्यांच्यामागे, प्रवेशदालनाच्या भिंतींवर, तेच निळं.

हेही कोलासोचं. १९३५ सालचं. पोर्तुगालमध्ये रंगवून, भाजून, समुद्रमार्गे इथे आलेलं. विषय कामोंइशच्या ‘ओस लुझियादास’ या महाकाव्यातला. वास्को द गामाची हिंदुस्थानची सफर. १५७२ साली छापलेल्या या काव्याचा कवी काही काळ गोव्यात राहिला होता. भिंतीवर समुद्र आहे, शिडं आहेत, पोलादी चिलखतं आहेत. हवा इतकी दमट, की टाइल्सवर हात फिरवला तर बोटं ओली होतात. पोर्तोत जे निळं उन्हात कोरडं, खणखणीत दिसत होतं, ते इथे मऊ दिसतं. दालनात दिवा लावलेला असला तरी अंधारून आलंय.

इथे या चित्रांकडे बघणं सोपं नाही. पोर्तोत ती तिथल्या माणसांच्या पूर्वजांची गोष्ट होती. इथे ती आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकलेल्या गलबतांची आहे, आणि ते राज्य इथे साडेचारशे वर्षं टिकलं. ही संस्था १८७१ साली सुरू झाली तेव्हा तिला वास्को द गामाचं नाव होतं. गोवा मुक्त झाल्यावर ते बदललं. आता नाव आहे ते पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या गोमंतकीय पत्रकाराचं. पाटी बदलली, भिंती तशाच ठेवल्या. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. टाइल्स फोडल्या असत्या तर राज्याचा एक तास परत आला नसता, आणि एका कारागिराच्या हाताचं काम मात्र कायमचं गेलं असतं.

पोस्टमन छत्री झटकतो. पाण्याचे थेंब खालच्या टाइलीवर उडतात, ओघळतात, निघून जातात. “उघडलं काय गे?” तो त्या मुलीला विचारतो. ती बाहेर हात काढून बघते. “ना अजून.” ती भिंतीला टेकते आणि वेळ जात नाही म्हणून चित्राकडे पाहू लागते. आधी सहज. मग जवळ जाते, एका सांध्यावर बोट फिरवते. वाट पाहणाऱ्याचं पाहणं कसं असतं, ते तिच्याकडे बघून कळतं.

पाऊस ओसरल्यावर पणजीतली फोंताइन्यश वस्ती गाठायची. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, कोपऱ्याकोपऱ्यावर टाइलीवरच्या रस्त्यांच्या पाट्या. वळणावर एका खोलीचं दार उघडं आहे. आत टेबल, टेबलावर कोऱ्या पांढऱ्या टाइल्स, खिडकीत भिजलेले ब्रश. मागच्या बाजूला विजेची भट्टी, शाळेतल्या कपाटाएवढी. चित्रकार बाई पन्नाशीच्या. बाजारातून आलेल्या तयार, ग्लेझ केलेल्या टाइलीवर त्या रंगवतात आणि मग टाइल सुमारे ८०० अंशांना भाजतात. रीत कोलासोची. ज्या रीतीला कट्टर मंडळी नाकं मुरडतात, तीच इथल्या छोट्या भट्टीला परवडते. कच्च्या ग्लेझचा कारभार या खोलीत मावलाच नसता.

आत कोल्हापूरचं एक जोडपं आहे. नव्या घराच्या दारावर लावायला नावाची पाटी हवी आहे. नाव ‘माउली’. देवनागरीत, भोवती निळी वेल.

“ताई, उन्हापावसात रंग उडणार नाही ना हो?”

“उडत ना. भट्टीत कित्याक घालतात मग?”

“केवढी होईल?”

बाई चार टाइल्स चौकोनात मांडतात. कोळशाच्या पेन्सिलीनं अक्षरं हलकी आखतात. मा, उ, ली. मग थांबतात. उभा सांधा बरोबर ‘उ’च्या पोटातून जातोय. त्या ओल्या फडक्यानं अक्षरं पुसतात, पुन्हा आखतात, या वेळी दोन बोटं डावीकडे. आता सांधा ‘उ’ आणि ‘ली’च्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. वेलांटी वरच्या टाइलीत जाते. ती तिथे त्या थोडी रुंद घेतात, म्हणजे गवंड्यानं केसभर चूक केली तरी दिसणार नाही.

“वेल जाईजुईची करा,” बायको सांगते. नवऱ्याला जास्वंद हवी आहे. दोघं कुजबुजत वाद घालतात. चित्रकार ताई ब्रश पाण्यात हलवत शांतपणे ऐकतात.

“ठरवा सावकाश. भट्टी भरली की मगच लावतां मी, अजून धा-बारा टाइल्स व्हाव्या लागतील. आठ दिवसांनी फोन करा. आणि कोल्हापूरच्या गवंड्याला म्हणावं, मागे आकडे घातलेत. एक, दोन, तीन, चार. उलट लावू नको.”